दुरुस्ती, पान एक्केचाळीस

लाल शाईत, समासात तिरकं,
गुर्जर सरांनी लिहिलं होतं:
‘छोट्या आकारात घातांकातले अपूर्णांक दिसत नाहीत.
सगळे मूळरूपात घ्यावेत.’
सगळे म्हणजे त्रेसष्ट.
मी मोजले, मग चहा मागवला.

अप्पा बळवंत चौक, वह्यांच्या दुकानाखालचं तळघर,
आमची दोन संगणकांची अक्षरजुळणी.
वरून दिवसभर ऐकू येतं,
‘नववीचं बीजगणित आहे का? जुनं चालेल.’
झडपेतून पाय दिसतात, माणसं दिसत नाहीत.

मला दहावीला बीजगणितात एकवीस.
आत्या म्हणाली, पोरीवर कुणीतरी करणी केलीय,
आणि पर्वती पायथ्याच्या एका बाईकडे नेऊन
माझ्यावरून लिंबू उतरवलं.
लिंबू कापलं गेलं. गणित तसंच राहिलं.
आता प्रकरण तिसरं, शीर्षक ‘करणी’,
चोवीस पॉइंट, ठळक, मध्यभागी,
मीच टाकलंय.

यात डोकं लागत नाही, उंडेकाका म्हणाले, बोटं लागतात.
आठच्या डोक्यावर दोन-तृतीयांश बसलेत,
मुंगीच्या पायांएवढे.
छेद उचलायचा, बाहेर न्यायचा,
मूळचिन्हाच्या खाचेत ठेवायचा,
दाराशी चपला ठेवतात तसा.
अंश आठजवळच राहतो.
वरून आडवी रेघ, संख्या असेल तेवढी लांब,
नाहीतर शेपूट उघड्यावर पडतं.

आठचा वर्ग चौसष्ट, त्याचं घनमूळ चार.
पण आधी घनमूळ काढलं: दोन. मग वर्ग: चार.
कुठल्याही दारानं जा.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल,
आणि मी तेव्हा बाकावर नाव कोरत असेन.

चौसष्टवर पाच-षष्ठांश.
आधी घात केला तर
एक अब्ज, सात कोटी, सदतीस लाख,
एक्केचाळीस हजार आठशे चोवीस,
आणि मग त्याचं सहावं मूळ शोधत बसा जन्मभर.
आधी मूळ काढलं तर दोन.
दोनचा पाचवा घात
कप बशीत ठेवेपर्यंत झाला.
बत्तीस.

अर्धा घात आला की मात्र बोटं थांबतात.
नऊवर एक-द्वितीयांश:
एक लिहायचा नाही, दोनही लिहायचा नाही,
नुसतं चिन्ह, आत नऊ.
खाचेत तीन लिहितात, चार लिहितात, सात लिहितात,
दोन कुणी लिहीत नाही.
सगळ्यांना ठाऊक असतो म्हणे.

पान एक्केचाळीस. बत्तीसवर तीन-पंचमांश.
उत्तर छापलंय: सहा.
पाचवं मूळ दोन. दोनचा घन…
बोटांवर केलं. मग पाठकोऱ्या कागदावर केलं.
मग कागद उलटा धरून बघितला, उगीच.
सरांनी बे त्रिक सहा केलं होतं.
घाईत, सत्त्याहत्तराव्या वर्षी, बेचा पाढा.

‘सर, एक्केचाळीसवर आठ पाहिजे का?’
पलीकडे पानांची सळसळ,
कुकरची एक शिट्टी,
मग बराच वेळ काहीच नाही.
‘चार आवृत्त्या गेल्या हो,’ सर म्हणाले.
‘एकाही मास्तरानं…’
आणि घसा खाकरून:
‘तुमचं शिक्षण काय?’
मी म्हटलं, त्रेसष्ट उदाहरणं.

संध्याकाळी शेवटचं पान: मुद्रक, प्रकाशक, किंमत.
त्याखाली जुळवलं,
‘अक्षरजुळणी आणि एक दुरुस्ती: हेमलता गायखे.’
पाच पॉइंटात.
उंडेकाकांनी चष्मा कपाळावर ठेवूनच
पान पास केलं.

पुस्तक निघालं, वरच्या दुकानात रचलं गेलं.
दिसत नाही, अशी तक्रार
अजून तरी कुणाची नाही.